ती जहाजावर, मी गल्ल्यावर

मोसंबीला बहर आला की आष्टीतल्या माणसांच्या नाकाला सुख होतं आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. गेल्या वर्षीपासूनचं हे दुखणं आहे. आमच्या दुकानामागं काशिनाथअप्पांची मोसंबीची बाग आहे. माघात वारा तिकडून फिरला की खत-औषधांच्या उग्र वासाला मागं सारून तो गोडसर वास थेट गल्ल्यापर्यंत येतो. गिऱ्हाईक बोलता बोलता थांबतं, डोळे मिटतं, म्हणतं, "काय घमघमाट सुटून राह्यला गुरुजी!" मी "हो ना," म्हणतो आणि उठून मागचं दार लावून घेतो.

मला हेवा वाटतो. सरळच सांगून टाकतो. तोंडावर हसू ठेवून आतल्या आत जळणारी माणसं मी फार पाहिली आहेत आणि बरीच वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो. आता वय झालं, लपवायचाही कंटाळा येतो. हा हेवा शेजाऱ्याचा नाही, भाऊबंदाचा नाही. माझ्या बायकोचा आहे, मंदाचा. गेल्या माघात ती चार रात्री जहाजावर जाऊन आली आणि मी इथं गल्ल्यावर बसून होतो, एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट पाच वेळा जहाजावर जाऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत घडली, हे ध्यानात घ्या.

पाच वेळा म्हणजे खरंच पाच वेळा. दोनदा मुंबई-गोवा, एकदा कोचीमार्गे लक्षद्वीप, एकदा दुबईकडं, एकदा सिंगापूरहून निघून मलेशियाला शिवून परत. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेला मास्तर इतक्या वेळा समुद्रात कसा जातो, हे बाहेरच्या माणसाला कोडं वाटेल. जालन्याकडच्या माणसाला वाटणार नाही. आमच्याकडं बियाण्यांचा धंदा मोठा. दुकानदारानं टार्गेट पुरं केलं की कंपनी त्याला फिरवून आणते. पूर्वी मिक्सर द्यायचे, मग सुटकेस द्यायला लागले, मग बँकॉक आलं आणि आता जहाज. बदनापूरपासून परतूरपर्यंत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, कपाशीच्या पाकिटांच्या ढिगाशेजारी पांढऱ्याशुभ्र जहाजाचं पोस्टर दिसेल. समुद्र इथून रात्रभराच्या वाटेवर, पण जहाज आमच्या भिंतीवर बारा महिने लागलेलं असतं.

दुकान मंदाच्या नावावर. सरकारी नोकरीत असताना मला धंदा करायची मुभा नव्हती, म्हणून परवाना बायकोच्या नावानं काढला. अशी दुकानं आमच्याकडं गावोगाव आहेत. नाव तिचं आणि रुबाब आपला. पुढं दुकानदारांना वर्षभराचा कोर्स सक्तीचा झाला, तेव्हा नाव तिचं म्हणून कोर्सलाही तीच गेली. दर आठवड्याला परतूरहून रेल्वेनं बदनापूर, दिवसभर किडी, रोग, खतं शिकायची आणि संध्याकाळी परत. मी गंमत करायचो, "काय विद्यार्थिनी, आज कोणती अळी?" ती खरंच अळीचं नाव सांगायची. शाळा सुटल्यावर मी दुकानात तासभर बसायचो, ओळखीच्या लोकांशी राजकारण बोलायचो आणि टार्गेट पुरं झाल्याचं पत्र आलं की बॅग भरायचो. कंपनी तेव्हा एवढंच विचारायची, दुकानाकडून कोण येणार? आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही.

जहाजाबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगतो. पहिलं म्हणजे, एवढ्या मोठ्या जहाजावर समुद्र सोडून सगळं असतं. बाजार असतो, नाचगाणं असतं, जुगाराची टेबलं असतात, पोहायचा हौद असतो आणि त्या हौदात पोळ्याच्या दिवशी नदीत बैलांची असते तशी गर्दी असते. समुद्र बघायचा तर कठड्यापाशी जावं लागतं आणि तिथं आधीच कुणीतरी समुद्राकडं पाठ करून फोटो काढत असतं. जेवणाचं तर विचारूच नका. पहिल्या खेपेला मी एका दिवसात सहा वेळा जेवलो आणि सातव्या वेळी साधं वरण-भात शोधत हिंडलो. गावातल्या लग्नाच्या पंगतीत 'बस, बस' म्हणून ताटावर हात आडवा धरणारे आमचे प्रतिष्ठित लोक तिथं ढोकळा, नूडल्स आणि गुलाबजाम एकाच ताटात रचून, कुणी हिसकावून नेईल अशा घाईनं चालतात. मीही चाललोय.

बंदराला जहाज लागलं की आणखी एक तऱ्हा. सकाळी उतरवतात, बसमध्ये कोंबतात, एक किल्ला, एक चर्च, एक काजूचं दुकान, की चला परत. संध्याकाळी जो तो सांगतो, कोची पाहिलं. कोचीनं आपल्याला पाहिलं असेल एवढंच. घर न सोडता प्रवास करायची हौस असेल त्यानं जहाजानं जावं, असं माझं मत आहे. शिवाय कंपनीचा कार्यक्रम चुकत नाही. भर समुद्रात, नाटकाच्या थिएटरसारख्या मोठ्या हॉलमध्ये, मऊ खुर्च्यांवर बसवून कपाशीच्या नव्या वाणाची फिल्म दाखवतात. बाहेर एवढं पाणी आणि आत पडद्यावर कोरडवाहू रान. पाचही वेळा मी पहिल्या रांगेत बसलो आणि सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

आणि केबिन! आमच्या वाट्याला कायम आतली. खिडकी नाही, दिवा मालवला की दिवस का रात्र कळत नाही, भिंतीपलीकडं यंत्राची घरघर. बाल्कनीची केबिन वरच्या मजल्यावर, बड्या दुकानदारांना. बाल्कनी म्हणजे आपली गॅलरीच, दोन खुर्च्या आणि समोर अख्खा समुद्र. दर खेपेला मी काहीतरी निमित्त काढून वर जायचो, उघड्या दारांतून त्या गॅलऱ्या बघायचो आणि खाली येऊन सोबत्यांना सांगायचो, "बिनकामाची चीज आहे. वारा लागतो, सर्दी होते." सोबतीही खिडकी नसलेल्या केबिनीतलेच, लगेच माना डोलवायचे.

मग इतकी नावं ठेवून मी पाच वेळा का गेलो? परत येण्यासाठी. परत आल्यावर आष्टीच्या आठवडी बाजारात महिनाभर मान ताठ करून फिरता यायचं. चहाच्या टपरीवर लोक जागा करून द्यायचे. "गुरुजी, खरंच मधे किनारा दिसत न्हाई का हो?" विचारायचे. त्यांच्या डोळ्यांतला हेवा मला जहाजावरच्या सगळ्या गोडधोडापेक्षा गोड लागायचा. दुसऱ्याच्या हेव्यावर पोसलेल्या माणसाला स्वतःला हेवा वाटायला लागला की तो किती केविलवाणा होतो, ते मला गेल्या माघात कळलं.

गेल्या वर्षी कंपनीचे साहेब पत्र घेऊन दुकानात आले आणि पत्र माझ्या हातात न देता मंदाच्या हातात दिलं. म्हणाले, "मॅडम, या वर्षापासून परवान्यावर ज्यांचं नाव, त्यांनीच यायचं. बदली माणूस बिलकुल चालणार नाही." मी वाद घातला. पाच वर्षांचे दाखले दिले. साहेब हसत होते. मंदा भेंडीच्या बियाण्याची पाकिटं फळीवर लावत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "जाते मी."

"तुला तर बस लागते!" मी म्हणालो.

"बस लागती. जहाज लागतंय का ते बघते."

पुढचे आठ दिवस मी तिला शिकवलं. पहिल्या दिवशी ताट भरू नको. फोटो काढणारे मागं लागतात, त्यांच्याकडं बघू नको. ओव्याची पुडी जवळ ठेव. लिफ्टमध्ये आरसा असतो, समोरून बाई आली असं समजून बाजूला होऊ नको. ही शेवटची चूक माझी स्वतःची होती, पण ते मी सांगितलं नाही. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता दुसरंच काहीतरी करत होती. बाजरीच्या खारोड्या, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या पिठाच्या दशम्या असं सगळं तिनं बांधून घेतलं. "अगं, तिथं खायला ढीग असतं," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणले न्हाई का, त्यात खायला काही न्हाई म्हणून?" ती म्हणाली. माझीच मतं माझ्यावर उलटायला तिथून सुरुवात झाली.

मुंबईला जहाजापर्यंत नेणारी बस जालन्यातून, मस्तगडच्या चौकातून सुटणार होती. तिथं पोहोचलो तर वेगळाच देखावा. नियम सगळ्यांनाच लागू, आणि नवऱ्याच्या सोयीसाठी बायकोच्या नावावर परवाना काढलेला मी एकटा थोडाच होतो? चाळीसेक जणांत दहा-बारा बायका निघाल्या. बसमध्ये त्या आणि फुटपाथवर आम्ही, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन. सगळे अनुभवी खलाशी. खिडकीखिडकीपाशी सूचना चालू होत्या. एक जण ओरडत होता, "लाइफ जाकीट उलटं घालू नको!" दुसरा पासपोर्टच्या पिशवीचा पट्टा बाहेरून ओढून बघत होता. संध्याकाळची वेळ, चौकातल्या दुकानांतून दिवे लागलेले, भज्यांचा वास आणि खिडकीत माझी बायको. तिच्या शेजारच्या जागेवर लीलाभाभी येऊन बसल्या. मस्तगडातल्या जुन्या मारवाडी घरातल्या. बियाण्यांची पेढी त्यांच्या नावावर आणि यजमान सुभाषसेठ माझ्याबरोबर तीन वेळा समुद्रात आलेले. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. बस सुटायच्या आत त्यांनी दशमीचा डबा उघडला होता. मी हात हलवला, तेव्हा मंदाचं लक्ष लोणच्याच्या बरणीकडं होतं.

सुभाषसेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, अपनी नय्या तो डूब गई." आणि आम्ही दोघं कोपऱ्यावर उभे राहून, एकमेकांकडं न बघता चहा प्यायलो.

भर समुद्रात रेंज नसते. जहाज किनाऱ्याजवळ आलं की साचलेले निरोप एकदम येतात. जहाज सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गल्ल्यावर होतो आणि फोन टणाटणा वाजायला लागला. तिनं लिहिलं काहीच नव्हतं, सगळं बोलून पाठवलं होतं. मी पहिला निरोप लावला. आवाज मोठा होता, दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, सगळ्यांनी कान टवकारले. "अहो, ऐका. हितं पाणी निळं न्हाई काही. काळंभोर हाय, पाऊस पडून गेल्यावर आपलं रान दिसतं तसं. आन् मला उलटीबिलटी काही झाली न्हाई. लीलाभाभीला झाली, मंग मी त्यांला चटणी-दशमी खाऊ घातली, बराबर झालं." पुढचा निरोप आला. "आन् अहो, आम्हाला वरच्या मजल्यावरची खोली दिली. बायका म्हणून. गॅलरी हाय! दोन खुर्च्या हायेत. तुम्ही म्हणल्ते सर्दी होती म्हणून, मी शाल आणली. पण सर्दी काही होत न्हाई."

पाच फेऱ्या. पाच! मी यंत्राच्या घरघरीत झोपलो आणि ही पहिल्याच खेपेला गॅलरीत बसली. आणि वर मला सांगते, सर्दी होत नाही. दुकानातली माणसं हसत होती, कौतुकानं हसत होती. एक जण म्हणाला, "वैनीनं नशीब काढलं." मी मान हलवली. त्या क्षणी जहाजाला चांगलं वादळ लागावं, फार मोठं नको पण ढवळून काढेल इतपत, असं माझ्या मनात येऊन गेलं. लाज वाटली, पण येऊन गेलं हे खरं.

तिसऱ्या दिवशी सुभाषसेठांचा फोन आला. आधी घरची रड झाली. "गुरुजी, आज मालूम पडा, अपने घर में चायपत्ती का डब्बा किधर रैता." मग हळूच म्हणाले, "तुम्हाला सांगितलं का वैनीनं, काल हॉलमधे काय केलं ते?" मला काहीच सांगितलं नव्हतं. झालं होतं असं, की कपाशीची फिल्म संपली, टाळ्या झाल्या, साहेबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. हे विचारायची पद्धत असते आणि उत्तर न द्यायची पद्धत असते. मंदा उठली. माईक मागून घेतला. म्हणाली, "नवीन वाण चांगलं असंल. पण मागल्या साली आमच्याकडं एका बाईच्या तीन एकरांत तुमची तूर उगवली न्हाई. तीन बार फोन केल्ता. कोणी आलं न्हाई. ते आधी सांगा, मंग टाळ्या वाजवू." मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. साहेबांनी भर समुद्रात त्या बाईचं नाव-गाव लिहून घेतलं.

फोन ठेवला. त्या हॉलमधली पहिल्या रांगेतली माझी खुर्ची मला दिसत होती. तुरीचं मलाही माहीत होतं. जहाजावर जायच्या वर्षी असलं काही बोलायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. गॅलरीचा हेवा सोसण्यासारखा होता. पण त्या उठून उभं राहण्याचा हेवा मला अजून सोसलेला नाही.

तिकडं ती असं गाजवत होती आणि इकडं मी दुकान चालवत होतो, असं म्हणायची पद्धत आहे. दुकान चालत नव्हतं. मंदा ज्या स्टुलावर बसते त्याला पाठ नाही, हे मला वीस वर्षांत प्रथमच कळलं. दुपारपर्यंत माझी कंबर धरली. काशिनाथअप्पा मोसंबीची डहाळी घेऊन आले. फुलं गळून चालली होती, पानं आतून वळली होती. मी चष्मा लावून डहाळी पाहिली, उलटी केली, वास घेतला. अप्पा सभ्य माणूस. म्हणाले, "वैनी कवा येणार?"

"गुरुवारी."

"मंग येऊ द्या त्यांला. दोन दिवसांत काय बाग पळून जात न्हाई."

"अप्पा, दाखवा तरी. माझं पण दुकान आहे."

"हाय ना गुरुजी, तुमचंच हाय," अप्पा म्हणाले आणि डहाळी पुन्हा पिशवीत घालून गेले. दिवसभर असंच. बायका पायरीपर्यंत यायच्या, गल्ल्यावर मी दिसलो की, "काकू न्हाईत व्हय?" म्हणून वळायच्या. मागून मोसंबीचा वास येत होता, बाजूच्या फोडलेल्या पोत्यातून खताचा, आणि ज्या दुकानाचा मालक म्हणून मी गावभर मिरवलो, तिथं मला चवळीचं पाकीट कुठल्या फळीवर आहे तेही सापडत नव्हतं. म्हणजे माझ्या जळण्याला दोन तोंडं होती. ती जिथं होती तिथं मी नव्हतो म्हणून मी जळत होतो, आणि मी जिथं बसलो होतो तिथं लोकांना ती हवी होती म्हणूनही.

गुरुवारी ती आली. चेहरा रापलेला, केस वाऱ्यानं राठ झालेले, हातात काजूची पिशवी. मी पाणी दिलं आणि विचारलं, "कसं होतं?" चार दिवस मी या उत्तराची वाट पाहत होतो. ती वाईट म्हणाली असती तर माझी मतं खरी ठरली असती. छान म्हणाली असती तर निदान मी पुढं बोलू शकलो असतो.

"बरं व्हतं," ती म्हणाली, आणि पिशवी ठेवून विचारलं, "अप्पा आल्ते का? फुलगळ लागली असंल त्यांच्या बागेला."

वर्षभर मी तिच्याकडून थोडं थोडं काढत राहिलो. जेवताना, पाकिटं लावताना. जेवण कसं होतं? बरं. बंदर? बरं. गाणीबजावणी? एक दिवस गेल्ते. मी पाच फेऱ्यांवर पाच वर्षं बोललो आणि ती एका फेरीवर पाच वाक्यं बोलत नव्हती. बाजारात कुणी विचारलं तरी हसून विषय बदलायची. मी दिलेली मतं तिनं खोडली नाहीत आणि मानलीही नाहीत. एखादी वस्तू आपल्याला नकोय असं तोंडावर न सांगता माणूस ती बाजूला ठेवून देतो, तसं केलं. लीलाभाभींशी मात्र रोज फोन. भाजी चिरता चिरता कानाला खांदा लावून बोलणं चालायचं, आणि मी खोलीत गेलो की दोघी खताच्या भावावर यायच्या. तिच्याकडं काहीतरी होतं, जे तिथं मिळालं होतं आणि मला द्यायचं नव्हतं. ते काय आहे, याची मला वर्षभर तहान लागून राहिली.

आता पुन्हा माघ आहे आणि आठवड्यापूर्वी पुन्हा पत्र आलं. या वेळी परवानाधारक आणि सोबत एक जण. फॉर्मवर दोन रकाने होते. मी पत्र वाचलं आणि उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यासारखा सुखावलो. चांगल्या पेनानं, शाळेच्या फळ्यावर लिहायचो तसं वळणदार अक्षर काढून सोबतीच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पासपोर्टची झेरॉक्स जोडली. टपरीवर जाऊन चार जणांना सांगूनही आलो, "या बारीला जोडीनं." दुपारी फॉर्म सहीसाठी तिच्यापुढं ठेवला.

तिनं वाचला. "हे कोणी लिव्हलं?"

"मीच. कोण लिहिणार?"

"मला इचारलं व्हतं?"

"त्यात काय विचारायचं?"

"लीलाभाभीचं औंदा टार्गेट थोडक्यात हुकलं. मी त्यांला शब्द दिला, माझ्यासंग चला म्हणून."

माझं डोकं सणकलं. नको ते बोललो. नवरा असताना बाहेरच्या बाईला नेतेस, लोक काय म्हणतील, असलं. "पाच बार तुम्ही गेल्ते, तवा लोक काय म्हणले?" तिनं विचारलं. मी आवाज खाली आणला आणि जे खरं होतं ते बोललो. "मंदा, तुझ्याबरोबर मी कुठंच गेलेलो नाही गं."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं नीट पाहिलं. "खरं सांगा. तुम्हाला माझ्यासंग यायचंय, का जहाजावर जायचंय?"

तीस-पस्तीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारले. उत्तर येत नसलं की पोरगं काय करतं ते मला ठाऊक आहे. मीही तेच केलं. म्हणालो, "दोन्ही." तिला हसू आलं. त्या हसण्यानं मला धीर आला आणि वर्षभर अडकलेलं विचारून टाकलं. "असं काय होतं तिथं? गाणं नाही, जेवण नाही, बंदर नाही. मग परत कशाला जायचंय तुला?"

तिनं फॉर्म बाजूला सरकवला. मग गल्ल्याच्या लाकडावर बोटानं रेघा ओढत म्हणाली, "सकाळी बसायचे मी. गॅलरीत. भाभी झोपेल असायच्या. रोज तासभर. चहा मी केला न्हाई, कोणी तरी आणून दिल्ला. कोणी काही मागितलं न्हाई. कोणी हाक मारली न्हाई. हे कुठंय, ते कुठंय, काही न्हाई. नुस्ती बसले. वाईट वाटून घेऊ नका, पण मला तवा तुमची आठवण आली न्हाई. कोणाचीच आली न्हाई. लगीन झाल्यापून असा तास मला घावला नव्हता, म्हणून सांगता येईना."

पाच फेऱ्यांत मला असा तास कधी हवासा वाटला नाही. वाटेल कसा? तो मला इथं रोज मिळत होता. सकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसलो की चहा यायचा आणि कुणी हाक मारायचं नाही, कारण सगळ्या हाका आत तिच्याकडं जात होत्या. ती म्हणत होती ते सुख मी आयुष्यभर भोगलं आणि त्याला सुख म्हणतात हे मला माहीत नव्हतं. आणि तरीही, एवढं कळूनही, मला त्या चार सकाळींचा हेवा वाटला. मी तिला आठवलो नाही, याचाही वाटला.

मी पेन उचललं. माझ्या वळणदार नावावर एक आडवी रेघ मारली आणि वर लीलाभाभींचं नाव लिहिलं. झेरॉक्स काढून घेतली. तिनं सही केली. तेवढ्यात पायरीवर कुणीतरी आलं आणि ती उठायला लागली. मला वाटलं, आपण काही कमी मोठेपणा केलेला नाही, तो थोडा तिच्या कानावर घालावा.

"आणि हे बघ," मी म्हणालो, "तिथं सकाळी मला फोन करायची काळजी करू नकोस. बस निवांत."

"गेल्या बारीला तरी कुठं केल्ता?" ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडं वळली.